दाराखालची पाचर

साडेसातपासून दीक्षाच्या खोलीचं दार खडखडत होतं. आता घरातली एखादी वस्तू खडखडते आहे आणि चांगदेव तायडे शांतपणे चहा पीत बसले आहेत, असं आजवर कधी घडलेलं नाही. महूच्या लष्करी वर्कशॉपात सुतारखात्याचे हेडमिस्त्री म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली, आणि त्या चौतीस वर्षांत त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. जगात जे जे डुगडुगतं त्याला पाचर हवी. जेवणाच्या टेबलाला पाचर होती, कपाटाला दोन होत्या, बुद्धमूर्तीच्या चौरंगालाही एक नाजूक, घोटून गुळगुळीत केलेली होती. प्रभावतीबाई म्हणायच्या, या घरातल्या पाचरी कुणी काढून नेल्या ना, तर सगळं घर मांडी घालून खाली बसेल.

आजची खडखड मात्र साधी नव्हती. आत दीक्षा मुलाखतीची तयारी करत होती, आणि पंख्याच्या वाऱ्याने ते दार मिनिटाला चारदा तिच्या वाक्यात तोंड घालत होतं. इंदूरबाहेर सिमरोलच्या रस्त्याला मुलांसाठी एक विज्ञानघर नव्यानं उभं राहत होतं आणि तिथे शब्दांच्या गोष्टी सांगणारं माणूस हवं होतं. अशी नोकरी असते, हे दीक्षाने तीनदा समजावलं तेव्हा कुठे चांगदेवांना पटलं. मुलाखतही तशीच अजब. कुठल्याही एका शब्दाची गोष्ट दहा मिनिटांत सांगायची, बस. शब्द कोणता, ते दीक्षाने घरात सांगितलं नव्हतं. झाल्यावर सांगते, म्हणाली होती.

या पोरीने भाषाशास्त्रात एम.ए. केलं आणि वर दोन वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून लॅटिन शिकली. महूच्या एका लग्नात कुणीतरी विचारलं होतं की हे लॅटिन कोणत्या देशात बोलतात. कुठेच नाही, असं दीक्षाने सांगितल्यावर पंगत पुन्हा जिलेबीकडे वळली. याआधीच्या तीन मुलाखती वाया गेल्या होत्या. आता मायलेकींचं ठरलं होतं की हीपण गेली तर सोमवारपासून हातोदच्या एका गोदामाच्या ऑफिसात क्लार्क म्हणून रुजू व्हायचं. तिथलं पत्र आलेलंच होतं. हातोदमध्ये वाईट काही नव्हतं. पण पहाटे पाचला भिंतीपलीकडून पोरीचा तो कुणीच न बोलणाऱ्या भाषेतला आवाज यायचा, तेव्हा चांगदेवांची छाती भरून यायची, एक अक्षर कळत नसतानाही. आत जाऊन विचारावं, काय गं, काय आहे हे? असं त्यांना किती वेळा वाटलं. पण ती समजावेल आणि आपल्याला कळणार नाही, आणि कळलं नाही हे तिला दिसेल, या धास्तीने ते परत गादीवर पडायचे.

तर, खडखड. पोरीला शांतता हवी, आणि ती देणं आपल्या हातात आहे, हे लक्षात आल्याबरोबर चांगदेव उठले. माळ्यावरून बाभळीचा एक तुकडा काढला. रिटायर होताना वर्कशॉपातून निरोपाची आठवण म्हणून आणलेला, सहा वर्षं वाळून कडकडीत झालेला. त्याची त्यांनी अशी देखणी पाचर तासली की फोटो काढावा. दाराखालच्या फटीत सरकवली, लाकडी हातोडीने चार हलके ठोके दिले. खडखड बंद.

दुसरं कुणी असतं तर इथेच थांबलं असतं. पाचरीचं डोकं बाहेर ठेवलं असतं, म्हणजे धरून ओढायला बरं. पण चांगदेवांच्या खात्यात पाचरीचं डोकं बाहेर दिसलं की मिस्त्री कच्चा, असा शिरस्ता होता. त्यांनी बारीक करवतीने बाहेरचा भाग दाराच्या पातळीत कापला, वरून पॉलिशपेपर फिरवला आणि मागे सरकून समाधानाने पाहिलं. निघायच्या वेळी दीक्षाने आतून लाकडी पट्टीने एक टोला दिला की पाचर बाहेर, असा त्यांचा साधा विचार होता.

त्यानंतर प्रभावतीबाईंनी पोछा मारला. इंदुरात सफाईचं वारं सगळ्यांच्याच अंगात आहे, पण प्रभावतीबाईंच्या अंगात जरा जास्तच. त्यात आज महत्त्वाचा दिवस, म्हणून त्यांनी दोनदा मारला, आणि दुसऱ्या वेळी बादली दीक्षाच्या दारापाशीच ठेवून फडकं सढळ हाताने पिळलं. सहा वर्षांचं तहानलेलं ते लाकूड पोटभर पाणी प्यायलं.

सव्वानऊला दीक्षा तयार झाली. साडेदहाची वेळ, सिमरोलला पोचायला तासभर, बाबा स्कूटरवर सोडणार. तिने दार ओढलं. दार हललं नाही. तिने विचारलं, बाहेरून कुणी धरलंय का? कुणीच धरलेलं नव्हतं. चांगदेव गुडघ्यांवर बसले, दाराखाली हात फिरवला, ओली फरशी हाताला लागली, आणि सगळा प्रकार त्यांच्या एका झटक्यात ध्यानात आला.

ध्यानात न यायला काय झालं? वर्कशॉपात नव्या पोरांना तेच तर सांगायचे ते. जुन्या काळचे दगडफोडे खडकाच्या भेगेत सुकी लाकडी पाचर ठोकायचे आणि वर पाणी ओतून घरी जायचे. रात्रभरात लाकूड फुगायचं आणि सकाळी खडक दुभंगलेला असायचा. ही गोष्ट सांगताना त्यांचा स्वतःचाच आवाज दबायचा, इतकी त्यांना ती थोर वाटायची. आज तोच चमत्कार त्यांच्या घरात चालू होता, आणि खडकाच्या जागी पोरीची नोकरी होती.

"प्रभा, पाणी किती टाकलंस?"

"नेहमीचंच," प्रभावतीबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "दोन वेळा."

आतून दीक्षाने पट्टीने टोला दिला. पट्टी मोडली. चांगदेवांनी पाचरीत स्क्रू पिळून पकडीने ओढून पाहिलं, तर स्क्रू आला, सोबत चिमूटभर भुसा आला, पाचर जागच्या जागी. खिडकीतून निघावं म्हटलं तर तिला चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या सळ्यांची जाळी होती. एकदा कॉलनीत चोरी झाली, त्यानंतर चांगदेवांनीच उभं राहून ती भिंतीत सिमेंटने गाडून घेतली होती, आणि हत्ती आला तरी हलणार नाही असं वर्षभर लोकांना सांगितलं होतं. बिजागऱ्या आतल्या अंगाला. खिडकीतून दीक्षाच्या हाती पेचकस दिला. तिने शोधशोध शोधले, पण स्क्रूच सापडेनात, कारण चांगदेवांनी त्यांच्या डोक्यांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर पॉलिश मारलं होतं. दिसायला घाण दिसतं म्हणून.

तेवढ्यात शेजारचे शरद भैया, इंदुरी बोलीत भिया, आले. यांचं सियागंजमध्ये हार्डवेअरचं दुकान, आणि सियागंजमध्ये ज्याचं औजार मिळत नाही असा प्रॉब्लेम देवाने अजून बनवलाच नाही, अशी त्यांची श्रद्धा. दुकानाला निघालेले भिया ठोकाठोकी ऐकून चप्पल न काढताच आत शिरले, प्रभावतीबाईंच्या नजरेला नजर मिळताच परत जाऊन काढून आले, आणि म्हणाले, "काका, टेन्शन नका घेऊ. अपन आहोत ना."

भियांनी पहिल्यांदा दाराचा हँडल धरून जोर लावला. भिया रोज सकाळी व्यायाम करतात. हँडल निघून त्यांच्या हातात आला, सोबत आतली खटकीही आली, आणि दार होतं तिथेच राहिलं. मग ते म्हणाले, तेल. पाचरीच्या फटीत वाटीभर गोडं तेल गेलं. त्यातलं थोडं पाचरीला लागलं, बाकीचं फरशीवर पसरलं आणि त्याच्यावरून भिया घसरले ते थेट प्रभावतीबाईंच्या बादलीत बसले. बादली कलंडली, आणि मघाशी जे पाणी लाकडाला कमी पडलं असेल तेही भरून निघालं. दार आता वरच्या चौकटीशीसुद्धा करकरायला लागलं.

शेवटी भियांनी दुकानातून गरम हवेची बंदूक मागवली. रंग खरवडताना लोक वापरतात ती. लाकूड सुकवू, आकसेल, निघेल, असं त्यांचं म्हणणं. चांगदेव म्हणाले, भिया, बात बरोबर आहे, पण लाकडाच्या पोटात ऊब पोचायला वेळ लागतो, ते आपल्या घड्याळाने चालत नाही. तरी बंदूक लावली. दहा मिनिटं ती दाराखाली गरम फुंकर मारत होती, अकराव्या मिनिटाला ठप्प असा आवाज झाला आणि सगळ्या घराची लाइट गेली. पाचर हलवून पाहिली. ढिम्म. बंदूक फेल गेली, असं सर्वानुमते ठरलं. भिया म्हणाले, आता पहारच आणतो, आणि गेले.

घड्याळात सव्वादहा झाले होते. चांगदेवांनी मोठी करवत आणून दाराला लावली. हे दार त्यांनी स्वतः घडवलेलं, दीक्षाच्या दहावीच्या वर्षी, एकसंध सागाच्या फळ्यांचं. कापायला त्यांचा हात कचरला नाही. पण दोन ओढी मारल्यावर त्यांच्यातल्या मिस्त्रीने सांगितलं की हे लाकूड कापायला अर्धा तास लागेल, आणि सिमरोलचा रस्ता तासाचा आहे. त्यांनी करवत खाली ठेवली. आपण पोरीला फक्त शांतता द्यायला गेलो होतो, आणि तिची शेवटच्या आशेची नोकरी आपल्या हाताने, चार ठोक्यांत, वरून पॉलिशपेपर मारून घालवली, या विचाराने त्यांना दाराकडे बघवेना.

आत दीक्षा फोनवर बोलत होती. पलीकडे विज्ञानघराच्या संहिता मॅडम होत्या, निवड समितीच्या प्रमुख. फोन स्पीकरवर होता म्हणून बाहेर सगळं ऐकू येत होतं. मॅडम थंडपणे म्हणाल्या की सकाळपासून एकाचा टायर पंक्चर झालाय, एकाच्या आजीला बरं नाहीये, आणि आता तुमचं दार पाचरीने अडलंय. मग कुणाशी तरी कुजबुजल्या.

"देखिए दीक्षाजी, नियम तो सामने आने का है. जब तक दरवाज़ा बंद है, तब तक हम वीडियो पर सुन लेंगे. दरवाज़ा खुला, तो फ़ोन रखकर आपको यहीं आना पड़ेगा. और ग्यारह बजे समिति उठ जाएगी."

दीक्षा हो म्हणाली. चांगदेवांनी बोटाने प्रभावतीबाईंना गप्प राहायची खूण केली आणि तिथेच, दाराला टेकून, ओल्या तेलकट फरशीवर बसले. लुंगी भिजली. भिजू दे म्हणाले मनात.

पावणेअकराला तिची पाळी आली. गोष्ट हिंदीत चालू झाली, मधेमधे इंग्रजी, पण चांगदेवांच्या डोक्यात ती मराठीतच उतरत होती. पहिलंच वाक्य ऐकून ते ताठ बसले. दीक्षा म्हणत होती की लॅटिनमध्ये पाचरीला कूनेउस म्हणतात, आणि मी आज या एका शब्दाची गोष्ट सांगणार आहे, कारण मी ज्या घरात वाढले ते घर पाचरींवर उभं आहे.

पाचर! म्हणजे सहा दिवस पोरगी दार लावून जिची तयारी करत होती, ती त्यांचीच वस्तू होती. ज्या भाषेच्या दारात उभं राहायची त्यांना भीती वाटायची, त्या भाषेत पाचर होती, आणि तिला नावही होतं. चांगदेवांनी प्रभावतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

दीक्षा सांगत गेली. हा शब्द आला कुठून, याची पंडितांना खात्री नाही. कुणी म्हणतात, फार जुन्या काळी टोकदार या अर्थाचा एक धातू होता, त्यातून हा निघाला असावा, आणि आपला शूळ हा शब्दही त्याच घरातला असावा. असावा, असं ती दोनदा म्हणाली. चांगदेवांना ते फार आवडलं. माप पक्कं नसेल तर चांगला मिस्त्रीही अंदाजे म्हणूनच सांगतो.

मग ती म्हणाली, नाणं पाडायचा ठसा पाचरीसारखा असायचा. फ्रान्सच्या लोकांच्या तोंडी कूनेउस झिजत झिजत लहान झाला, पाचरीला तोच शब्द, कोपऱ्यालाही तोच, ठशालाही तोच. तिथून तो इंग्रजांकडे गेला आणि झाला कॉइन. चांगदेवांनी बनियनच्या खिशात चाचपलं. एक पाच रुपयांचं नाणं निघालं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. चौसष्ट वर्षांत त्यांनी इतक्या लक्षपूर्वक कुठलंही नाणं पाहिलं नव्हतं. रोमच्या नाटकघरात बसायच्या जागांचे निमुळते तुकडे असत, त्यांनाही हेच नाव. हजारो वर्षांपूर्वी माणूस ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूचं टोक दाबून लिहायचा, राजांचे हुकूम, वैद्यांची औषधं, देवाची गाणी. ती खूण पाचरीसारखी उमटायची, म्हणून पुढे विद्वानांनी त्या अख्ख्या लिपीला पाचरीचंच नाव दिलं. माणसाने पहिल्यांदा लिहिलं ते पाचरीने लिहिलं, असं दीक्षा म्हणाली, आणि चांगदेवांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

इथेच ते घडलं. दाराखाली बारीकसं कट् झालं. बंदुकीची ऊब लाकडाच्या पोटात आता पोचली होती. आपल्या घड्याळाने नाही, लाकडाच्या घड्याळाने. चांगदेवांनी बोटाने चाचपलं तर पाचर खुळखुळत होती, आणि बघता बघता ती सुळकन बाहेर येऊन त्यांच्या तळहातावर पडली.

क्षणभर त्यांना आनंद झाला. मग त्यांच्या पाठीमागचं दार हळूच आत सरकायला लागलं.

दार उघडलं तर फोन ठेवून इथे या. अकराला समिती उठणार. घड्याळात दहा बावन्न झाले होते. चांगदेवांनी हँडल धरायला हात वर नेला. तिथे हँडलच्या जागी बोटही न शिरणारं भोक होतं. खटकी भियांच्या हातात आली होती. बाहेरून कडी नव्हती, कारण पोरीच्या खोलीला बाहेरून कडी असूच नये, असं त्यांनीच दार घडवताना ठरवलं होतं. दार आणखी दोन बोटं आत गेलं. चांगदेव फरशीवर पालथे झाले, पाचर जिथून निघाली त्या फटीत उजव्या हाताची चार बोटं घातली, दाराची खालची कड आतून पकडली आणि स्वतःकडे ओढून धरली. दार मिटलं.

सकाळपासून हा माणूस जे दार उघडायला जिवाचं रान करत होता, तेच दार आता जिवाच्या आकांताने बंद ठेवत होता. आत गोष्ट चालूच होती. आपल्या पायात तीन हाडं असतात, दीक्षा सांगत होती, पाचरीच्या आकाराची, एकाला एक लागून. पुलाच्या कमानीत दगड बसवतात तशी ती बसलेली असतात, आणि त्यांच्यावर माणसाची सगळी कमान उभी राहते. डॉक्टर त्यांना पाचरीच्याच नावाने ओळखतात. चांगदेवांनी पडल्या पडल्या मान वळवून आपल्या पायांकडे पाहिलं. टाचा फुटलेल्या, अंगठ्याला जुना व्रण. चौतीस वर्षं या पायांवर उभं राहून त्यांनी पाचरी ठोकल्या, आणि आत सहा पाचरी कुणीतरी आधीच ठोकून ठेवल्या होत्या. इतक्या सफाईने, की एकाचंही डोकं बाहेर दिसत नव्हतं.

तेवढ्यात शरद भिया पहार घेऊन आले. पाहतात तो काका जमिनीवर पालथे, हात दाराखाली, चेहरा लाल. चांगदेवांनी डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. भियांना वाटलं, बोटं अडकली. त्यांनी पहार भिंतीला टेकवली, काकांची कंबर दोन्ही हातांनी धरली आणि मागे ओढायला सुरुवात केली. हे काय चाललंय ते न कळून प्रभावतीबाईंनी भियांना धरलं. ओढण्याची दिशा नेमकी बरोबर होती, त्यामुळे दार आणखी घट्ट मिटलं.

दीक्षाचा आवाज आता खाली आला होता. आणि शेवटची पाचर डोक्यात आहे, ती म्हणाली. मेंदूच्या मागच्या बाजूला एक निमुळता तुकडा आहे, त्याचं नाव कूनेउसच. तो आपल्याला बघायला मदत करतो. विशेषतः नजरेच्या खालच्या भागात जे असतं ते, म्हणजे जमीन, पायरी, आपली पावलं. माणूस खाली आपल्या पायांकडे बघतो ना, तेव्हा डोक्यातली पाचर पायातल्या पाचरींकडे बघत असते.

चांगदेव तेच करत होते. त्यांचे डोळे भरून आले. एवढं मोठं, एवढं जुनं, रोमपासून महूपर्यंत पसरलेलं काहीतरी आपण आयुष्यभर हातोडीने ठोकत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता. आणि हे सगळं या पोरीच्या डोक्यात होतं, भिंतीपलीकडे, रोज पहाटे पाचला.

"आणि रोमची फौज," दीक्षा घाईने म्हणाली, "शत्रूत घुसताना सैनिक पाचरीच्या आकारात उभे राहायचे, त्या तुकडीलाही…"

"दीक्षाजी, दस मिनट हो गए," संहिता मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की ज्या पाचरीने तुम्हाला कोंडलंय ती तरी आम्हाला दाखवा. आणि दारही एकदा ओढून दाखवा.

आतून दीक्षाने दार ओढलं. बाहेरून चांगदेवांनी ओढलं, चांगदेवांना भियांनी ओढलं, भियांना प्रभावतीबाईंनी. दार तसूभर हललं नाही. मग दीक्षा फोन घेऊन खाली वाकली असावी, कारण तिचा श्वास दाराच्या तळाशी ऐकू आला. मग तो थांबला.

चांगदेवांना उमगलं. फटीतून आत गेलेली आपली चार बोटं आता फोनच्या कॅमेऱ्यात आहेत. बोटं मागे घ्यावीत तर दार उघडतं. न घ्यावीत तर दिसतात. त्यांनी डोळे मिटले आणि धरून ठेवलं.

मग मॅडमचा आवाज आला, अगदी गंभीर.

"किस लकड़ी की है?"

"बबूल की है, मैडम," दीक्षा म्हणाली. "चौंसठ साल पुरानी. बहुत पक्की है."

पलीकडे कुजबुज झाली. कुणीतरी खोकलं, का हसलं, ते कळलं नाही. आणि मग मॅडम चक्क मराठीत बोलायला लागल्या.

"दीक्षा, आपला नियम ठरला होता की दार बंद असेल तर व्हिडिओवर ऐकायचं. दार बंद होतं, हे आम्ही तिघांनी डोळ्यांनी पाहिलं. कुणी बंद ठेवलं होतं, हे नियमाने विचारलेलं नाही. पत्र उद्या निघेल. सोमवारी ये." मग म्हणाल्या, "आणि त्या पाचरीला सांग, आता सोडलं तरी चालेल. बोटं काळीनिळी पडली आहेत."

फोन बंद झाला. बाहेर भियांनी काकांची कंबर सोडली आणि हळू आवाजात विचारलं की काकू, नोकरी लागली का? प्रभावतीबाई तिथेच बादलीवर बसून रडायला लागल्या, आणि रडता रडता त्यांनी भियांच्या पायाजवळचं तेल फडक्याने पुसून काढलं.

"बाबा," दाराआडून दीक्षा म्हणाली, "सोडा ना आता. झालं. खरंच झालं."

चांगदेव उठून बसले. बोटं सुन्न झाली होती, ती त्यांनी काखेत धरली. दार हळूच आत सरकायला लागलं, तसं त्यांनी डाव्या हाताची बोटं खालच्या फटीत घालून ते ओढून धरलं.

"थांब, उघडू नको. तू आत आहेस तर मला विचारता येतंय," ते म्हणाले. "ते फौजेचं अर्धंच राहिलं. ते नीट पहिल्यापासून सांग. आणि जिथे मला कळणार नाही तिथे मी मधेच विचारेन, चालेल?"

मग दीक्षा दाराला टेकून फरशीवर बसल्याचं चांगदेवांना पाठीवर जाणवलं. एक फळी मधे ठेवून बापलेक पाठीला पाठ लावून बसले, आणि ती म्हणाली, "चालेल. तर असं बघा बाबा, सगळ्यात पुढे फक्त एकच माणूस उभा राहायचा."